ऐंशीचा बोर्ड

साहेब येणार म्हटलं की आमच्या गावाच्या अंगात झाडू संचारतो. मला या सवयीची चीड आहे, आणि ती का आहे ते सांगते.

आमचं गाव मेडशीच्या अलीकडे, हायवेला चिकटून. घरं रस्त्याच्या या बाजूला, शाळा त्या बाजूला. सोयाबीन निघालं की गाव ते डांबराच्या कडेला वाळत घालतं आणि शेळ्या रस्त्यातच बसतात. गाड्यांना झक मारत हळू जावं लागतं. हे काही चांगलं नाही, मलाही कळतं. पण त्या दिवसांत माझी सपना बिनघोर शाळेत जायची.

गेल्या हंगामात आमचे सरपंच देवमनभाऊ घरोघरी फिरले. "उद्या मोठे साहेब येऊन राह्यले. रस्ता साफ पायजे. गावाची इज्जत हाये." झालं. सोयाबीन उचललं, शेळ्या बांधल्या, बायकांनी डांबर झाडलं. पोरांना दिवसभर शाळेतून बाहेर सोडलं नाही. मीही झाडलं, खोटं कशाला बोलू? दोघं जण आले, त्यांनी कडेला तिपाईवर एक यंत्र लावलं, चहा प्याले आणि गेले. समोरून गाड्या नुसत्या बाणासारख्या सुटत होत्या. देवमनभाऊ खूश होते.

पुढं गावात वेगमर्यादेचा बोर्ड लागला. ऐंशी.

त्याच रस्त्यावर पुढच्या गावाला चाळीसचा बोर्ड आहे. तशीच शाळा, तशीच पोरं. फरक एवढाच, की त्या गावानं साहेबासाठी सोयाबीन उचललं नव्हतं. आळशी गाव म्हणून आम्ही त्यांना हसलो होतो.

बोर्ड लागल्यावर गाड्यांना कोणाचा धाकच उरला नाही. एका सकाळी सपना रस्ता ओलांडत होती आणि एका गाडीचा आरसा तिच्या दप्तरात अडकला. दप्तर गाडीबरोबर गेलं, पोरगी राहिली. पट्टा तुटला म्हणून राहिली. घरी येऊन ती आधी डब्यासाठी रडली, आणि माझा नुसता संताप संताप झाला.

मी आणि माझ्या सासूबाई, भागिरथाबाई, वाशिमला रस्त्याच्या ऑफिसात गेलो. यंत्र घेऊन आलेलाच तरुण इंजिनिअर भेटला. त्यानं नीट समजावून सांगितलं, तेच जास्त झोंबलं. "ताई, आम्ही मनानं आकडा ठरवत नाही. मोकळ्या रस्त्यावर बहुतेक गाड्या ज्या वेगानं जातात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवतो. तुमच्याकडे गाड्या जोरात होत्या. पुढच्या गावात हळू होत्या."

"म्हंजे जोरात पयनाऱ्याले इचारून जोर ठरवता?" सासूबाई म्हणाल्या. "अन् रस्ता पार करनाऱ्याले कोन इचारते?"

 तो पुन्हा मोजायला येतो म्हणाला.

तो येणार कळल्यावर देवमनभाऊ पुन्हा झाडू घेऊन दारात. या वेळी शाल आणि नारळही आणलेला. मी त्यांच्या हातातला झाडू ओढून घेतला. "भाऊ, तुमच्या इज्जतीपायी माही पोरगी मरत होती. आता एक काडी उचलली तं मी रस्त्यात बसतो."

"रस्त्यात कचरा पाहून साहेब काय म्हनन?"

"म्हनू द्या."

तुरीचे दिवस होते. आम्ही दोघींनी तुरीच्या पेंढ्या नेऊन अर्ध्या रस्त्यावर पसरल्या. इंजिनिअर आला, गाडी शाळेच्या बाजूला उभी करून हळू झालेल्या गाड्यांमधून सहज आमच्याकडे आला आणि तूर बघून वैतागला. "हे आधी उचला. मोटारसायकलवाला घसरून पडेल. आणि पुढच्या गावात आम्ही तसंच मोजलं म्हणून वरून बोलणी बसली. अडवलेल्या गाड्या मापात धरता येत नाहीत, मोकळ्याच धरतात."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच डोकं फिरलं. गाव जगतं तसा रस्ता मोजायचाच नाही, असा हा नियम. मी म्हटलं, "उचलतो. पन आधी त्या बाजूले चला. मोजायचं तं तिथून मोजा, शाळेपासून."

तूर बाजूला सरकवली. रस्ता मोकळा झाला आणि गाड्या सुटल्या. शाळेची वेळ झाली होती, सपना माझ्या शेजारी उभी होती. इंजिनिअरनं एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. ट्रक गेला, त्याच्यामागं दुसरा. त्याची टोपी उडाली, ती त्यानं उचललीही नाही. मग जरा फट दिसली, मी "चला" म्हटलं, आणि त्यानं न बघता सपनाचा हात पकडला. आम्ही धावलो.

पलीकडं पोचल्यावरही तो हात सोडेना. सपना म्हणाली, "काका, आता सोडा. पोचलो आपन."

त्यानं हात सोडला. चेहरा पांढरा पडला होता.

"हे लिवा तुमच्या मापात," मी म्हटलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "यासाठी रकाना नाही."

तो वाईट माणूस नव्हता. वर कळवतो म्हणाला, कळवलंही असेल. बोर्डावर आजही ऐंशीच आहे.

देवमनभाऊ हे सगळं अलीकडून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या शेतातली तूर बैलगाडीत भरून घेऊन आले आणि कोणाशी न बोलता, आमच्या पुन्हा पसरलेल्या तुरीला लागून, दुसऱ्या अर्ध्या रस्त्यावर पसरू लागले, म्हणजे गाड्यांना तुरीवरून हळूच जावं लागेल. मोटारसायकलवाल्यांना दुरून दिसावं म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना काठ्या रोवून लाल लुगडी बांधली. स्वागताची शाल त्यांनी कडेच्या तुरीवर टाकून वर दगड ठेवला.

तूर झाली की हरभरा आहे, हरभरा झाला की गहू. कोणताही साहेब येऊ दे, शाळा सुटेपर्यंत आम्ही रस्ता झाडणार नाही.