चाळीस शब्द

पक्षाघाताने ढुंढिराज गुरुजींची वाचा गेली, तेव्हा यशश्रीने आईवडिलांना त्र्यंबकेश्वरहून नाशिकला आपल्या फ्लॅटवर आणलं. ती घरूनच ऑफिसचं काम करायची. बाबांसाठी तिने टॅबवर एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला: चित्रावर बोट ठेवलं की आईच्या आवाजात शब्द ऐकू येईल.

बाकी सगळं झटपट झालं. घोडं अडलं ते शब्द साठवायचे कशात, यावर. आधी साधी टेक्स्ट फाइल केली: एका ओळीत एक शब्द, त्याचं चित्र आणि आईचं रेकॉर्डिंग, मध्ये स्वल्पविराम. ती पोरकट वाटली, म्हणून कंसांच्या रीतसर मांडणीची जेसन फाइल केली. मग वाटलं, पुढेमागे वाक्यं जोडायची तर डेटाबेसच हवा. तोही उभारून मोडला. तिकडे बाबा डाव्या हाताने काहीतरी मागत राहायचे आणि ती म्हणायची, होतच आलंय.

तिचा नवरा मयुरेश हे बरेच दिवस पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "शब्द किती आहेत?"

"चाळीसेक."

"चाळीस शब्दांना डेटाबेस? यशू, तुला हे संपवायचंच नाहीये."

तिला ते झोंबलं, कारण खरं होतं. काम अर्धवट होतं तोवर बाबा कधीही बोलू लागतील अशी आशा होती. पुरं झालं की ते चाळीस शब्दांत कायमचे कोंडले जाणार.

तिने पुन्हा टेक्स्ट फाइलच घेतली. निदान आईला ती उघडून नवा शब्द आणि आपला आवाज घालता येईल.

बाबा सरावले. पाणी, पंखा, पाठ दुखते. एकदा ऑफिसची मीटिंग चालू असताना बाहेरून आईचा आवाज आला, "त्र्यंबकला जायचंय." थोड्या वेळाने पुन्हा तोच, तसाच. ती उठून बाहेर आली. बाबांचं बोट त्र्यंबकच्या घराच्या फोटोवर होतं.

"आई, हे कशाला घातलंस?"

"त्यांना दुसरं काही म्हणायचंच नव्हतं गं," आई म्हणाली. "इतके दिवस नुसते डोळ्यांनी म्हणत होते."

यशश्रीने बाबांना समजावलं. तिथला उभा जिना, इथले व्यायामाचे डॉक्टर, तिची नोकरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा बोट टेकवलं.

आत जाऊन तिने फाइल उघडली. आईने स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी दिले होते. ती ओळ पुसायला क्षणही लागला नसता. तिने फाइल बंद केली, कानाला हेडफोन लावले आणि मीटिंगमध्ये परत बसली. दाराआडून आवाज येतच राहिला.