साचेवाल्यांचा माठ

नायगावच्या बीडीडी चाळीत शिवराम कुशाबा कदम, बी.ए., सदऱ्याला इस्त्री करत होता. पितळी तांब्यात निखारे भरायचे, तांब्या फडक्यानं धरायचा आणि कॉलरवरून फिरवायचा, ही त्याची इस्त्री. कॉलर एकदा उलटून शिवून झाली होती. आता उलटायला बाजू उरली नव्हती.

"आज कुठं?" आई मीराबाईनं चुलीकडे बघतच विचारलं.

"फोर्टात. विमा कंपनी."

"बरं," ती म्हणाली. पोरगा पास झाला तेव्हा हिनं साऱ्या मजल्यावर बत्तासे वाटले होते. आता नळावर कुणी "शिवाचं झालं का काय?" असं विचारलं, की ती अर्धाच हंडा घेऊन परत येई.

फोर्टातल्या साहेबानं इंग्रजी वाचून घेतलं, पत्राचा मसुदा लिहून घेतला, मान डोलावली. मग तो मराठीवर आला.

"कदम म्हणजे कुठले?"

"दापोलीकडचे."

"ते झालं हो. वाडी कुठली?"

बी.ए.च्या एकाही पेपरात न आलेला हा प्रश्न प्रत्येक हापिसात येत असे. शिवानं खरं ते सांगितलं.

"अस्सं," साहेब म्हणाला आणि हातातला टाक खाली ठेवला. "कळवू."

दोन वर्षं झाली, सारी मुंबई शिवाला कळवणार होती.

रिकामा वेळ तरी कुठं घालवायचा? संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे फलक तो रंगवून द्यायचा. 'मुंबई आमची!' एवढाली अक्षरं, दुरून वाचता येतील अशी. ते न्यायला एकदा रघुनाथ राणे आला. राणे गिरणीत साचेखात्याचा जॉबर. माणसं कामावर लावणं त्याच्या हातात. शिवाय सभेत त्याचा आवाज मोठा.

"मेल्या, बी.ए. होऊन घरात बसतोस? मराठी पोरांनी उपाशी मरायचं आणि दुसऱ्यांनी खुर्च्या उबवायच्या?" असं गरजून झाल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "माझ्याकडे बदली कामगार म्हणून घेतो तुला. माझा भाचा म्हणून सांगेन. कदम तर आहेसच, आमच्यातही कदम असतात, कोण विचारतो? फक्त तिथं म्हाताऱ्याला ओळख दाखवू नकोस."

म्हातारा म्हणजे शिवाचा बाप कुशाबा. तो त्याच गिरणीत रिंगखात्यात होता. सूत काढायचं ते खातं त्याच्या जातीला खुलं होतं. साचेखातं, जिथं कापड विणतात आणि पगार बरा मिळतो, ते बंद. का, ते ऐका. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावा लागतो. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. म्हणून बंद. हे कुठल्या नियमात नाही. कायद्यानं तर असलं वागणं गुन्हा ठरलंय. तरी ते युनियनच्या झेंड्याखाली बिनबोभाट चालतं.

बाप चिडेल, असं शिवाला वाटलं होतं. कुशाबा उलट हसला. "जा की! नको वळखूस मला. घरात वळख दाखीव, म्हंजे झालं."

मीराबाई हसली नाही.

शिवा लागला. दोरा ओढताना तोंडात कापसाचा पुंजका यायचा, तो थुंकायलाही शिकला. दुपारच्या सुट्टीत साचेवाल्यांमध्ये बसून भाकरी खाऊ लागला. त्यांच्या चेष्टा, त्यांची तंबाखू, त्यांचा माठ. कुणी पाठीवर थाप मारली की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची लाज वाटायची.

एका दुपारी रिंगखात्याकडचं पाणी गेलं. जर्मनचा पेला घेऊन कुशाबा साचेखात्याच्या दाराशी आला. वर्षापूर्वी त्यानं दीक्षा घेतली होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. पण पायांची सवय जुनीच. ते दाराबाहेरच थांबले.

"वाईच पाणी घाला वो, दादा."

माठाजवळ शिवाच बसला होता.

"ए कदम, दे त्याला," कुणीतरी घास चावत म्हणालं. "वरून ओत रे. पेल्याला लावू नकोस."

शिवा उठला. त्यानं वरून ओतलं. नजर दुसरीकडे होती; पाणी पेल्यात थोडं आणि बापाच्या मनगटावरून कोपरापर्यंत जास्त गेलं. कुशाबानं मान वर केली नाही.

"बास, दादा," तो म्हणाला.

पोटच्या पोराला.

संध्याकाळी जेवताना कुशाबा बायकोला सांगत होता, "आज साचेवाल्यांचं पाणी प्यालो. गार हुतं."

"कुणी दिलं?"

"हुता एक भला माणूस."

शिवाचा घास तोंडातच राहिला. मीराबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. पाण्याचा तांब्या उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. हातात घेऊन प्या."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होताच शिवा रिंगखात्यात गेला आणि बापाचं मनगट धरलं.

"सोड रं! काम जाईल तुझं!"

"चला, बाबा."

दारापाशी कुशाबाचे पाय अडले. शिवानं त्याला आत ओढलं, माठाशी नेलं, माठावरचा पेला बुडवून त्याच्या हातात दिला.

"हा कुशाबा कदम. माझा बाप. काल मी याला वरून पाणी ओतलं."

चावणारी तोंडं थांबली. रोज शिवाच्या हातून धोटा घेणाऱ्यानं हाताच्या पाठीनं ओठ पुसले, पुन्हा पुसले. एकानं लाथ घातली. माठ फुटला, पाणी सगळ्यांच्या पायांखालून गेलं. राणे धावत आला.

"नीघ! नोकरी दिली तीच चूक झाली माझी!"

"नोकरी दिली नाहीत, मामा," शिवा म्हणाला. "तिच्या बदल्यात बाप मागितलात. तो मिळायचा नाही."

बापाच्या हातातला पेला भरलेलाच होता. कुशाबा तो तिथंच उभा राहून प्याला, शेवटच्या थेंबापर्यंत.

त्या आठवड्यात सभा झाली. मराठी माणसाला काम मिळालंच पाहिजे, असं राणे घसा फोडून सांगत होता. त्याच्या मागे शिवानंच रंगवलेला फलक होता. तो काही कुणी उतरवला नव्हता.

शिवा पुन्हा तांब्यात निखारे भरतो आहे. "आज कुठं?" म्हणून आई विचारते आहे. नळावर बायका कुजबुजतात; मीराबाई हंडा काठोकाठ भरून, तो डोक्यावर घेऊन, त्यांच्यामधून सावकाश परत येते.

साचेखात्यात नवा माठ आला. शिवाचे धोटे धुऊन घेतले. पण त्याच्या तोंडातून गेलेल्या दोऱ्याचं कापड कुणी फाडलं नाही. त्याचे तागे बांधले, ते दुकानात गेले. कुणी त्याचा सदरा शिवला असेल, कुणी सोवळं म्हणून नेसून देवापुढे बसला असेल.

वाचकहो, जरा आपल्या अंगावरचं कापड चाचपून बघा. आणि मग सांगा त्या साहेबाला, या कापडाची वाडी कुठली ते.