गोड पाण्याची ओटी

दुष्काळाचं दुसरं वर्ष. लिंबागणेशच्या अलीकडचं तळं आटत आटत भिंतीच्या पायथ्याला जाऊन बसलं आणि मागं ठेवून गेलं ते नुसतं वाळूचं मैदान. त्या वाळूत मच्छीमार सहकारी संस्थेची निळी नाव एका कुशीवर कलंडली होती. मासेच नाहीत, तर नाव काय कामाची? येत्या सभेत ती मोडीत काढायची, असं चेअरमन सुंदररावांनी बोलूनही दाखवलं होतं.

पण फोटोवाल्या गहिनीनाथानं एकदा वाळूवर पालथं पडून कॅमेरा लावला, आणि काय नवल! पुढं वाळू, मधी नाव, मागं पाणी, पाण्याला टेकलेलं आभाळ. भिंत तेवढी एका बाजूला, चौकटीबाहेर ठेवली की झालं. त्यानं पत्र्यावर रंगवलं, ‘समुद्रकिनारी जोडीचे फोटो’, आणि पत्रा फाट्यावर टांगला. नवी लग्नं झालेल्या पोरापोरींची रीघ लागली.

आता गहिनीनाथ काही लबाड माणूस नव्हे. गळ्यात तुळशीची माळ. पंचक्रोशीत कुठं सप्ता बसला की हा टाळ घेऊन कीर्तनात उभा. पत्र्यावरचं ते अक्षर म्हणजे थट्टा आहे, बघणाराला कळतंय, असंच तो धरून चालला होता.

एका सकाळी जीपमधून एक म्हातारं जोडपं उतरलं. राधाकिशन आणि केसरबाई, नारायणगडाकडचे. राधाकिशन म्हणजे एके काळचा नावाजलेला पखवाजी. केसरबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, हातात पिशवी, पिशवीत नारळ, खण, तांदूळ.

“ह्यो काय समुद्र!” जन्मात कधी समुद्र न पाहिलेल्या बाई वाळूच्या कडेला चपला काढून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले. “तीन वर्साखाली ह्यांचा उजवा हात लुळा पडला बघ, लेकरा. पखवाजावर ठेवला की नुसता पडून राही. त्या रात्री बुवांनी कीर्तनात समुद्राकाठच्या द्वारकेची कथा लावली होती. तवाच नवस बोलले, ह्यांचा हात पुन्हा वाजला तर जोडीनं समुद्राची ओटी भरीन. औंदा ह्यांनी सप्त्यात वाजवलं. पुतण्यानं मोबाइलात पत्र्याजवळ उभा तुझा फोटो दाखवला. म्हणलं, माळकऱ्यानं लिवलंय, खोटं कशाला आसंल?”

बाई पाण्याकडं निघाल्या तसा राधाकिशननं गहिनीनाथाला बाजूला ओढलं.

“तळं हाय, मला ठावं हाय रं. पर हिला बोलू नगंस. माझी कंबर गेलीय. दोन तास बसवत न्हाई, कोकणापातूर कुणी न्यावं? तिचा नवस फिटू दे.”

गहिनीनाथानं मान हलवली, ती हो म्हणून का नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

“आवं, या की! जोडीनं भरायची हाय ओटी,” बाईंनी हाक दिली.

नवरा काठी टेकत गेला. दोघांनी मिळून पाण्याला हळदकुंकू वाहिलं. बाईंनी ओंजळीनं खण-तांदूळ पाण्याच्या कडेला ठेवले, आणि मग सवयीनं, देवळात करतात तसंच, तळहातावर पाणी घेऊन तीर्थ म्हणून प्यायल्या. उरलेलं डोक्यावर फिरवणार, तो हात मधीच थांबला.

“गोड हाय.”

राधाकिशन घाईनं म्हणाला, “तसा आसतोय कुठंकुठं.”

“तुमी गप बसा.” बाई वळल्या. “लेकरा, तू सांग. ह्यो समुद्र हाय का?”

एक होकार दिला की नवस फिटणार होता. राधाकिशन डोळ्यांनी विनवत होता. गहिनीनाथाचा हात माळेकडं गेला. ज्या गळ्यानं काल विठ्ठल विठ्ठल म्हटलं, त्याच गळ्यानं आता...

“न्हाई, माय,” तो म्हणाला. “तळं हाय. पत्र्यावर मीच खोटं लिवलं.”

बाई मटकन वाळूत बसल्या. मांडीवर नारळ. “म्हंजी तसाच राह्यला म्हणायचा नवस.”

संस्थेच्या पत्र्याच्या खोलीतून सुंदरराव येऊन उभे राहिले. “आमचे चेअरमन,” गहिनीनाथ म्हणाला.

“चेअरमनसाहेब,” बाईंनी विचारलं, “हे तळं भरलं की पाणी कुठं जातं?”

“सांडव्यावरून ओढ्याला. ओढा नदीला. नदी गोदामाईला.”

“आन् गोदामाई?”

सुंदरराव हसले. “ती थेट समुद्राला, मावशी.”

बाईंनी तोंडावरून पदर फिरवला. “मंग आमच्यानं जाणं होत न्हाई, तर नारळाला जाऊ द्या की. बुवा सांगतेत, मूळ समुद्रच पाऊस होऊन आपल्या दारी येतोय. ह्यो नारळ नावंत ठिवा. सांडवा वाहिला की फोन करा. आमी दोघं येऊ, जोडीनं सोडू. ह्यांच्या कंबरंला इथवरचं अंतर झेपतंय, आज बघितलंच.”

“आन् मला शिक्षा?” राधाकिशननं विचारलं. “मला बी म्हाईत होतं.”

“तुमास्नी घरी गेल्यावर.”

सुंदररावांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि पाण्याकाठचा खण उचलून त्यात गुंडाळून नावेच्या पुढच्या टोकात ठेवला. मग नावेच्या उकललेल्या फळ्या बोटानं दाबून बघत स्वतःशीच म्हणाले, “सोडायला नाव लागंल की.”

“आता फोटो,” बाई उठल्या. “आलोय तर घे.”

“आजी, आजोबांच्या खांद्यावर हात ठिवा,” गहिनीनाथ कॅमेरा उचलत म्हणाला.

“आगं बया! लोक काय म्हणतील?”

“लोक कुठंयत? इथं मासे बी न्हाईत.”

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरा हात मात्र खांद्यावर गेला. राधाकिशननं आपला उजवा हात उचलून त्या हातावर ठेवला आणि बोटांनी हलकेच ठेका धरला.

गहिनीनाथ वाळूत पालथा झाला नाही. उभा राहिला, चार पावलं मागं सरकला आणि तळ्याची भिंत सबंध चौकटीत घेतली.

संध्याकाळी फाट्यावरचा पत्रा उतरवून तो ‘समुद्रकिनारी’ पुसून तिथं ‘तळ्याकाठी’ रंगवत बसला. खाली तळ्याच्या वाळूवरून डांबराचा वास येत होता. सुंदरराव नावेच्या फटी बुजवत होते.