संकष्टीचं इंजेक्शन

"फिनेलने पुसलंय की फिनेलमध्ये बुडवून काढलंय कोण जाणे. डोकं उठलं माझं," विद्याताई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "आमच्या उपेंद्रचं बरं, त्याला मेल्याला काही कळतच नाही."

उपेंद्र म्हणजे त्यांचा मुलगा, माझ्या भाचीचा, गौरीचा नवरा. त्याला जन्मापासून वास येत नाही आणि त्या घरात ही कायमची गंमत होऊन बसली आहे. मोरी तुंबली की त्याला हाक. फोडणी करपली की पहिलं ताट त्याला. बोम्मसंद्र्याला कारखान्यात इंजिनियर आहे. तिथल्या नाल्याकाठच्या टपरीवर तो एकटाच चवीने चहा पितो म्हणे.

जे. पी. नगरच्या त्या दवाखान्यात आम्ही पाच जण ओळीने बसलो होतो. कडेला गौरीचे सासरे, वासुदेवराव, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि बोलण्यातून त्याच्याही आधी. गौरी माझा हात धरून होती. चार वर्षं तिने गोळ्या गिळल्या, सुया टोचून घेतल्या, नळ्या तपासून घेतल्या, पोट सुजलं तरी साडीच्या निऱ्या सैल करून हळदीकुंकवाला गेली. नवऱ्याची तपासणी कुणाच्या मनात आली नाही. आली असेल तर तोंडात आली नाही. शेवटी तिनेच त्याला नेलं. शुक्राणू शून्य.

मग दुसरीकडच्या एका डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली. वृषण उघडून बघू, आत कुठे सापडतात का. मी के. आर. पुरमहून आले ती हट्ट धरायला, की कापण्याआधी आणखी कुणाला तरी दाखवा. माझं शिक्षण मॅट्रिकपुरतं. पण फोन हातात आल्यापासून भाजी शिजेपर्यंत काहीबाही वाचते. त्यात बरीच भाजी करपली. तरी एवढं कळलं होतं की कापलेलं परत मिटवता येतं, न कापल्यासारखं करता येत नाही.

"आई, संकष्टी कधी आहे गं?" उपेंद्रने जांभई देत विचारलं. "अंग अगदी मोडून आलंय."

संकष्टी म्हणजे त्या घरात उपास, चंद्रोदय, मोदक, आणि त्याआधी गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या डॉक्टरअण्णांकडचं इंजेक्शन. बी-ट्वेल्व्हचं. शाकाहारी माणसांना लागतं, असं विद्याताई सांगत. पोरगं विसरू नये म्हणून त्यांनी ते व्रताला बांधून टाकलं होतं. आज औषधांची सगळी पिशवी त्यांनी आठवणीने आणली होती, अगदी वेखंडसुद्धा. हे इंजेक्शन तेवढं त्यात नव्हतं. तीर्थाला औषध कोण म्हणतं?

डॉक्टर भार्गवी तरुण होत्या. हिंदी, इंग्रजी, मध्येच कन्नड अशा बोलत होत्या. कागद बघता बघता त्यांनी एकदम विचारलं, "वास येतो का तुम्हाला?"

आम्ही सगळे हसलो. गौरीसुद्धा. डॉक्टर हसल्या नाहीत.

त्यांनी पेनने एक गोल काढला. ही वृषणातली पेशी. डोक्यातल्या ग्रंथीकडून रक्तातून हार्मोन येतं आणि पेशीच्या दाराची कडी वाजवतं. कडी वाजली की आत कॅल्शियम उसळतं, आणखीही हालचाली होतात आणि पेशी कामाला लागते. मला दूध उतू जातानाचं पातेलं दिसलं. उपेंद्रच्या रक्तात कडी वाजवणारं हार्मोन जवळजवळ नव्हतंच. बाळ आईच्या पोटात असताना हार्मोनचा हा निरोप सुरू करणाऱ्या पेशी नाकाच्या वाटेनेच मेंदूत जातात. कधी कधी वासाच्या नसा आणि त्या पेशी, दोघीही वाट चुकतात.

"म्हणजे पेशी मेलेल्या नसतील," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी उठवलंच नसेल."

गौरी माझा हात सोडून पुढे सरकली. मग उठवता येईल का, तिने विचारलं. येईल कदाचित. कडी वाजवणारी इंजेक्शनं असतात, महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, खात्री नाही. पण एक गोष्ट जुळत नव्हती. पुरुषी हार्मोनही याच निरोपावर बनतं; निरोप नाही, मग तपासणीच्या कागदात ते एवढं भरपूर कुठून? बाहेरून घेत असाल तर ते आधी बंद करायला हवं. ते रक्तात असलं की डोकं समजतं काम झालं, आणि असलेला निरोपही थांबवतं.

उपेंद्र म्हणाला, तो जिमची पायरीसुद्धा चढलेला नाही. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की मला रडू आलं.

"दाढी कधी आली?"

"बारावीत," विद्याताई म्हणाल्या. "चांगली घसघशीत."

वासुदेवराव आपल्या चपलांकडे बघत होते.

गौरी चाचपडत म्हणाली, एक संकष्टीचं इंजेक्शन असतं, पण ते बी-ट्वेल्व्हचं. डॉक्टरांचं पेन थांबलं. बाटली आणाल का? विद्याताईंनी पदर सावरला. डॉक्टरअण्णा बाटली देत नाहीत, ते आता कुणाचं ऐकतही नाहीत, आणि साध्या टॉनिकचं काय एवढं. सोमवारी ऑपरेशन ठरलंच आहे, ते करून टाकू. सरी, ठीक आहे, निघू या.

"कापू देत," उपेंद्र गौरीला म्हणाला. "तू इतकं सोसलंस. माझं एकदा होऊ दे."

विद्याताई उठल्याही. बाटली दाखवण्यापेक्षा पोटच्या पोराला सुरीखाली द्यायला निघालेली ती बाई मी बघत राहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. राग यावा तसा येईना मला; गेली कित्येक वर्षं मोदकांआड लपवून त्या एकट्या हे ओझं वाहत होत्या, असं तोवर वाटत होतं.

"बस, विद्या," वासुदेवराव म्हणाले.

त्यांचा आवाज मी दोन तासांत पहिल्यांदा ऐकला. ते डॉक्टरांकडे वळले नाहीत, मुलाकडेही नाही. खुर्ची जराशी सरकवून सुनेसमोर बसले.

"गौरी, ते बी-ट्वेल्व्ह नाही. हा सतरा वर्षांचा होता, मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हापासून पुरुषाचं हार्मोन टोचतोय आम्ही त्याला. त्यालाही सांगितलं नाही. याला मूल होणं कठीण आहे, असं डॉक्टरअण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुला बघायला आलो, तेव्हा आम्हा दोघांना हे माहीत होतं."