आणखी सहा तास

धाकटा रंगकाम करताना शिडीवरून पडला, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दोन्ही तपासण्या झाल्या. मेंदू मृत झालाय. छाती हलतेय ती मशीनमुळे." त्याच्या बायकोने अवयवदानाच्या कागदावर सही केली. गॅरेजमध्ये तीस वर्षं इंजिनं उघडणारा थोरला भाऊ तिच्या शेजारी मान खाली घालून उभा होता.

तासाभराने बाई परत आल्या. "मूत्रपिंडं, यकृत चांगलं आहे. हृदय मात्र निम्म्या ताकदीनेही रक्त ढकलत नाहीये. असं ते कुणाला बसवता येणार नाही."

थोरल्याचा आवाज चढला. "त्याचं हृदय दुबळं? रंगाचे दोन डबे घेऊन चार मजले चढायचा तो!"

"दुबळं नव्हतंच. मेंदू मरताना ॲड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. हृदय जिवाच्या आकांताने धडधडतं, रक्तदाब कुठच्या कुठे जातो, मग सगळं एकदम ओसरतं. त्या तडाख्याने हृदय बधिर होतं."

"मग गरम इंजिनावर निकाल कसला देताय? निवू द्या की."

"तेच विचारायला आले. हार्मोन्स देतो, रक्तदाब टिकवणारी औषधं हळूहळू कमी करतो आणि सहा तासांनी पुन्हा सोनोग्राफी. पण सुधारेलच याची खात्री नाही."

भावजयीने डोळे मिटले. "मला नाही बघवत, दादा. छाती हलते नि वाटतं, आत्ता उठेल."

"तुला नको असेल तर मी त्यांना आत्ताच 'नाही' म्हणून सांगतो. कुणी तुला बोल लावणार नाही."

तिने पदराचं टोक पिळलं. "चार जिने चढून आला तरी मलाच म्हणायचा, तू म्हातारी झालीस." तिला हसू आलं आणि हसता हसताच हुंदका फुटला. "थांबू या. पण आत तुम्ही बसा."

थोरला आत बसला. लघवीची पिशवी भराभर भरत होती. सिस्टर सलाइन वाढवत म्हणाली, "पाणी धरून ठेव म्हणणारा मेंदू राहिला नाही ना, म्हणून."

ती वळल्यावर तो भावाच्या कानाशी वाकला. "शिडी धरायला ये म्हणालास. मी म्हटलं, उद्या येतो. एक दिवस दम धरवला नाही तुला?" सिस्टरने सगळं ऐकलं होतं. तिने खुर्ची पलंगाजवळ सरकवली आणि धाकट्याचा हात चादरीबाहेर काढून दिला.

दुपारभर औषधांचे आकडे एकेक पायरी उतरत गेले. ठरल्या वेळी डॉक्टरीणबाईंनी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. सकाळी पडद्यावर नुसती थरथरणारी हृदयाची भिंत आता घट्ट मिटत होती, उघडत होती.

"दर ठोक्याला सकाळी तीस टक्के रक्त ढकलत होतं, आता पंचावन्न, निरोगी हृदयाइतकं," त्या म्हणाल्या. "घेतील ते."

थोरल्याने बाहेर येऊन सांगितलं तशी भावजय उठली. आत गेली, नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तो उचलला नाही.

अकरा दिवसांनी हॉस्पिटलमधून थोरल्याला फोन आला. नाव सांगता येत नव्हतं. ते हृदय मिळालेली बाई आधार न घेता व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालली होती, एवढंच. हे फोनवर सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. गॅरेजचं शटर ओढलं, हात धुतले आणि भावजयीच्या घराकडे निघाला.