बेचाळिसावी चूक

खेळणाऱ्यांच्या फोरमवर काकांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता: ‘महोदय, ‘पाळी संपवा’ हे बटण दाबले नाही, तर शत्रू किती वेळ थांबतो? कळावे.’

उत्तर दिलं ते तोफखाना असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी. ‘कितीही थांबतो. पाळीपाळीने खेळायचा खेळ आहे हा. तुम्ही बटण दाबेपर्यंत समोरचा बोटभर हलत नाही. जेवून या, झोपून या.’

काकांनी ते दोनदा वाचलं. दवाखान्यात अशी सोय नव्हती. तिथे आपली पाळी असो नसो, समोरचा आजार चालतच राहिला आणि दोन वर्षांत लेकीला घेऊन गेला. त्याला आता सहा महिने झाले होते.

तीस वर्षं काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, लाल पेनने खुणा करायच्या, हेच त्यांचं काम. छापखान्यातली माणसं तोंडावर त्यांना काका म्हणत आणि पाठ फिरली की कानामात्रा. काकांना दोन्ही माहीत होतं आणि दुसऱ्याचाच जास्त अभिमान होता. निवृत्त झाल्यावर लाल पेन घरी आलं. वाणसामानाची यादीसुद्धा त्यातून सुटेना, तेव्हा काकूंनी याद्या करणंच सोडलं.

लेकीची तर त्यांनी पार पिसं काढली होती. शाळेत असताना ती निबंध घेऊन यायची, दारात उभी राहायची आणि विचारायची, “बाबा, बरोबर लिहिलंय?” काका कागद घ्यायचे, खुणा करायचे, परत द्यायचे. ती वसतिगृहात गेली तेव्हा तिची पत्रंसुद्धा लाल होऊन परत गेली. एका पत्रात तिने आपल्याला ताप आल्याचं लिहिलं होतं. काकांनी तापाखाली काही खूण केली नाही, कारण तो शब्द बरोबर होता. आता हे आठवलं की त्यांना स्वतःची शिसारी यायची.

आजारपणात तिने हा खेळ धरला. अंगात ताकद नव्हती आणि हा खेळ घाई करत नव्हता. पुढे पुढे ती खेळातच फेरफार करायला लागली. त्याला मॉड म्हणतात हे काकांना तोफखान्याने सांगितलं. मूळ खेळात आपल्या पदरची भर घालायची, नव्या सोंगट्या, नवी गावं. लेकीने सैनिकांच्या जागी घरची, शेजारची, दवाखान्याची माणसं घातली होती. जाण्याआधी आठ दिवस ती उशाशी बसलेल्या काकांना म्हणाली होती, “मी एक डाव अर्धा ठेवलाय बाबा. सवड झाली की बघा.” काकांनी मान हलवली होती. कसला डाव आणि कसलं काय, असं तेव्हा वाटलं होतं.

आता सवडच सवड होती. रोज दुपारी ते तिच्या खोलीत जाऊन बसायचे. काकू त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. खुर्चीवर तिची उशी अजून तशीच होती आणि टेबलाच्या कडेला गोळ्यांच्या पाकिटांचे चंदेरी तुकडे चिकटले होते. काका तिथून बाळबोध प्रश्न पाठवायचे. ‘सोंगटी निवडावी कशी?’ ‘षटकोनी घरे का असतात?’ ‘मॉडची फाइल कोठे असते?’ तोफखाना सगळ्याची उत्तरं द्यायचा. आधी महोदय म्हणायचा, मग लेकीचं कळल्यावर काका म्हणायला लागला.

फाइल सापडली आणि घात झाला. लेकीची सगळी माणसं त्या एका फाइलमध्ये होती. एकेकाचं नाव, ताकद, वेग आणि खाली दोन ओळी वर्णन. पहिल्याच ओळीत ‘मुद्रितशोधक’ हा शब्द चुकलेला. बापाचा धंदा, त्यावर हिला जेवायला मिळालं, आणि तोच शब्द चुकीचा! काकांनी तिथल्या तिथे तो दुरुस्त केला. मग वही घेतली, रेघ मारून दोन रकाने पाडले, अशुद्ध आणि शुद्ध, आणि रीतसर कामाला बसले. वडिल नव्हे, वडील. परिक्षा नव्हे, परीक्षा. चूका नव्हे, चुका. स्वता नव्हे, स्वतः. संध्याकाळपर्यंत वहीत एक्केचाळीस नोंदी झाल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यांना जरा बरं वाटलं. तिचं शेवटचं काम होतं. त्यात निदान चूक राहू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा डाव उघडला तर पटावर कुणीच नव्हतं. नदी होती, पूल होता, डोंगर होते. माणसं गेली होती.

काकांनी तडक फोरमवर लिहिलं, आणि पहिल्यांदाच ‘महोदय’ आणि ‘कळावे’ राहून गेलं.

‘काका, फाइलमध्ये काही बदललं का?’

‘शुद्धलेखन सुधारले.’

तोफखान्याचं उत्तर यायला वेळ लागला. ‘अहो काका, डाव त्या नावांवरून माणसं शोधतो. तिने जे नाव लिहिलं तेच अक्षरन् अक्षर हवं. खेळाला शुद्ध-अशुद्ध कळत नाही. मूळ प्रत ठेवली होती?’

‘नाही.’

‘पाळी संपवलीत?’

‘नाही.’

‘मग अजून आशा आहे. पाळी संपली की डाव आपोआप साठवला जातो आणि गेलेले कायमचे जातात. बटणाला हात लावू नका. तिच्या चुका परत घाला. सगळ्या.’

काकांनी वही उघडली. आयुष्यभर जे काम डावीकडून उजवीकडे केलं ते उजवीकडून डावीकडे करायला बसले. वडील खोडून वडिल. परीक्षा खोडून परिक्षा. बोटं ऐकत नव्हती. ‘स्वता’ लिहिताना तर विसर्ग दोनदा आपोआप पडला आणि दोनदा पुसावा लागला. एक्केचाळीस चुका घालून झाल्या. त्यांनी डाव उघडला. पट अजून रिकामाच होता, आणि त्यावर एक ओळ आली: ‘एक सोंगटी सापडली नाही. डाव सुरू करता येत नाही.’

‘कोणती ते तो सांगत नाही का?’

‘जुना खेळ आहे काका. तेवढी माणुसकी नाही त्याच्यात.’

काका मात्र समजले. पहिली चूक. वही घेण्याआधी, रागाच्या भरात सुधारलेली. ती नोंदलीच नव्हती. चुकलं होतं एवढं नक्की, पण कसं? मुद्रीत लिहिलं होतं की मूद्रित? शोदक? ते एकेक लिहून बघू लागले. चार दिवस, रोज दुपारी. काहीच आठवेना. आठवणार तरी कसं? त्यांच्या धंद्यात चूक दिसली की पुसायची असते, लक्षात ठेवायचं ते शुद्ध रूप. पोरीने आपल्याला काय म्हटलं होतं तेच ते पुसून बसले होते.

पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं. सगळं सांगितलं. काकूंनी भात कालवायचा थांबवला.

“म्हणजे ती आहे त्यात?”

“तिने केलेली माणसं आहेत. आपण आहोत. होतो. माझ्याच एका शब्दावर सगळं अडलंय.”

“कुठला शब्द?”

काकांनी सांगितला. काकू उठल्या, हात धुतले आणि आतल्या कपाटातून साडीच्या घडीत ठेवलेलं एक पत्र घेऊन आल्या. वसतिगृहातलं. त्यावर लाल रेघ नव्हती.

“हे मला कधी दाखवलं नाहीस.”

“दाखवलं असतं तर असं राहिलं असतं का?”

काकांनी वाचलं. ‘आई, फॉर्मवर वडिलांच्या धंद्यात मुद्रीतषोधक लिहिलं. साहेब हसले. बाबांना सांगू नकोस. त्यांच्या पत्रात मी मुद्दाम चूका सोडते. चूका असल्या की बाबा शेवटपर्यंत वाचतात.’

पोटफोड्या ष. तो त्यांच्या स्वप्नातही आला नसता. काकांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग काकूच म्हणाल्या, “चला.”

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत आल्या. उशी बाजूला न करता त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. काका अर्धेमुर्धे टेकून बसले, एका बोटाने तो शब्द लिहिला, तपासला, आणि डाव उघडला.

माणसं परत आली. पुलाच्या अलीकडे काकू होत्या, शेजारी दवाखान्यातली नर्स होती. त्यांच्यामागे एका घरात एक सोंगटी, हातात पेन. काकांनी तिच्यावर बाण नेला. वर्णन उघडलं. हेच वर्णन त्यांनी आठवड्यापूर्वी तपासलं होतं, सुधारलं होतं, परत बिघडवलं होतं. काय लिहिलंय ते मात्र वाचलं नव्हतं.

“काय लिहिलंय तिने?” काकूंनी विचारलं. “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

काका मोठ्याने वाचू लागले. “मुद्रीतषोधक. ताकद भरपूर, वेग कमी. आजूबाजूच्या सगळ्यांच्या चूका याला दिसतात. स्वताची दिसत नाही. त्याला एकटं सोडू नये, तो घाबरतो.”

काकूंनी हात पुढे केला आणि नकळत काकांच्या खांद्यावर ठेवला. खाली कोपऱ्यात ‘पाळी संपवा’ हे बटण होतं. काकांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला. मग ते दाराकडे बघून बोलले, जिथे ती निबंध घेऊन उभी राहायची.

“बरोबर लिहिलंय,” काका म्हणाले.