तापते म्हणून कापते

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये दारामागे एक खिळा होता. दुरुस्तीला आलेल्या गाडीची किल्ली त्या खिळ्यावर टांगायची आणि तिला हात फक्त मिस्त्रींनी लावायचा, असा तिथला शिरस्ता. गाडी रस्त्यावर काढून तिचं दुखणं ओळखायचं आणि दुरुस्तीनंतर पुन्हा फिरवून "झाली" म्हणायचं. हा मान एकतीस वर्षं त्यांचा होता. सोमवारी दुपारी त्यांच्या मुलानं खिळ्यावरची किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली. भांडण नाही, तंडण नाही. "बाबा, तुम्ही आता काउंटरला बसा," एवढंच म्हणाला. तेही त्याला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा बाबांना ऐकूच आलं नाही. आणि सगळं घोडं तर तिथंच अडलं होतं.

हातोडा, ग्राइंडर, कॉम्प्रेसर यांच्या संगतीत आयुष्य गेल्यावर कान किती दिवस सोबत करणार? बायकोनं जेवताना "मीठ द्या" म्हटलं तर मिस्त्री "नीट घ्या" ऐकून सावरून बसत. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. पण ते लावलं की एका ग्राइंडरचे दोन होतात, असं म्हणून त्यांनी ते पान्यांच्या खणात टाकून दिलं होतं. देवानंच कान दिले होते, त्यानंच परत नेले, त्यात रुसायचं काय, असं त्यांचं म्हणणं. घरात ते चालून गेलं. गॅरेजमध्ये नाही.

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात माशीवाली आली. मधमाश्यांच्या छत्तीस पेट्या पिकअपमध्ये घालून ही बाई बागेबागेतून फिरायची. जिथं बहर तिथं तिचा मुक्काम. पिकअप ऑटोमॅटिक गिअरची, बाईसारखीच कामसू. कॉम्प्रेसर चालू असताना तिनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "काका, गाडी कापते." मिस्त्रींनी ऐकलं, "तापते." झालं. त्यांनी दीड दिवस खपून रेडिएटर धुतला, पंखा तपासला, पाण्याचे पाइप बदलले, आणि छाती काढून "झाली" म्हणाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सोमवारी बाई परत आली ती वरचा ओठ भजनातल्या टाळाएवढा सुजवून. हमरस्त्यावर पासष्टचा वेग धरला की गाडी पन्हाळी पत्र्यावरून चालल्यासारखी थरथरत होती. त्या थरथरीनं दोन पेट्यांतल्या चौकटी सुटल्या, पोळी तुटली आणि माश्यांनी राग काढला तो मालकिणीवर. ती रागावली नव्हती, हेच मिस्त्रींना जास्त लागलं. मी कापते म्हटलं होतं काका, असं ती हळूच म्हणाली. ते मुलानं ऐकलं, आणि त्यानंतर ती किल्ली त्याच्या खिशात गेली.

मुलगा वाईट नव्हता, आणि कच्चा तर मुळीच नव्हता. त्यानं गाडीला लॅपटॉप जोडला. त्यात एकही दोष दिसेना. गाडी फिरवून आणली, तर थरथर खरीच. शेवटी त्यानं सांगितलं की गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा लागेल, पंधरा दिवस धरून चाला. बाई उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून राहिली. शनिवारी फळबागांचा बहर उमलणार होता. थंडीभर साखरेचं पाणी पाजून तिनं माश्या जगवल्या होत्या त्या या महिन्याभरासाठी, आणि बहर काही कुणाच्या गिअरबॉक्ससाठी थांबत नाही.

मंगळवारी सकाळी ती गाडी न्यायला आली. चाळीसच्या वर जायचंच नाही, थोड्या थोड्या पेट्या नेत राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. मुलानं तिला किल्ली दिली. काउंटरमागून मिस्त्री उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. किल्लीवर हक्क नव्हता, पण शेजारची सीट कुणी खिशात घातलेली नव्हती.

हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी चपला काढल्या. अनवाणी तळवे पत्र्यावर टेकले, एक पंजा गिअरच्या दांड्यावर ठेवला, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. मग पासष्ट धरायला सांगितलं. बाईनं वेग धरला, आणि पायाखालून ती थरथर वर आली. इतकी स्पष्ट, की जन्मात कुणाचं बोलणं त्यांना इतकं स्पष्ट आलं नसेल. कान गेले होते, तळवे जागेवर होते.

"ताई, उजवा पाय आहे तसाच ठेवा. डाव्यानं ब्रेकला नुसतं शिवा. दाबू नका."

तिनं शिवलं, आणि थरथर थांबली. वाजत्या मृदंगावर कुणी पंजा ठेवावा, तशी. पाय काढला, पुन्हा सुरू. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच.

मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा अर्धं दुखणं त्यांना कळलं होतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. गाडी एका वेगानं निवांत चालू लागली की आतला एक छोटा क्लच दोघांना घट्ट धरतो, आणि ब्रेकला पाय शिवला की ती पकड सुटते. म्हणजे कापत होती ती पकड. गिअर नव्हेत. आणि पकडीला कापरं भरतं ते बहुधा तेल बिघडल्यावर.

गाडी कडेला घेतली. मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढून पुसायच्या फडक्यावर टेकवली. हवं होतं लाल तेल, आलं काळपट तपकिरी, करपलेल्या दुधासारखा वास मारणारं. जळलेलं तेल. पण मग ते तापलं कुठं? इंजिनाचा काटा मधल्या रेघेवर शहाण्यासारखा उभा होता. मिस्त्रींनी बॉनेट मिटलं, बंपरपुढे गुडघे टेकले आणि त्यांना जाळी दिसली. पांढरी, बारीक, दुहेरी, पुढच्या पट्ट्यांवर तारेनं बांधलेली. धूळ, पराग आणि मेण बसून तिची पार गोधडी झाली होती.

बाई ओशाळली. पेट्या चढवताना माश्या त्या तापल्या पट्ट्यांवर बसून मरतात, ते बघवत नाही, म्हणून आपल्या तोंडावरच्या बुरख्याचं जुनं कापड तिनं तिथं बांधलं होतं. मोठ्या रेडिएटरला पंखा होता. तो आजूबाजूनं हवा ओढून आपलं भागवत होता. पण त्याच्याखाली कोपऱ्यात, गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा वहीएवढा धाकटा रेडिएटर होता. त्याला पंखा नाही. समोरून येईल तेवढीच त्याची हवा, आणि तिच्या वाटेत दयेची गोधडी. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी मोठा रेडिएटर मागच्या बाजूनं धुतला होता; याच्याकडे आणि जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ते तिथंच, रस्त्याच्या कडेला, गुडघ्यावर बसून हसू लागले. "मी बहिरा, ते खरं. पण ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं. तापते म्हणून कापते, ताई. तापते म्हणून कापते."

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी मुलापुढे प्रवचन केलं नाही. ते तेलाचं फडकं त्याच्या नाकाशी धरलं, ती जाळी काउंटरवर ठेवली आणि ब्रेकची गोष्ट सांगितली. मुलगा बराच वेळ अंगठ्यानं तेल चोळत राहिला. मिस्त्रींनी कबूल केलं की आधीचं "झाली" चुकलं होतं, आणि ते यापुढे कुणी विसरायचं नाही. पण गिअरबॉक्स उघडण्याआधी एक दिवस दे. मुलानं दिवस दिला. किल्ली मात्र पुन्हा आपल्याच खिशात टाकली.

बुधवारी दोघंही गाडीखाली होते. हे तेल एका दमात निघत नाही. अर्धं आतच दडून बसतं. म्हणून काढायचं, नवं भरायचं, गाडी चालवायची आणि पुन्हा काढायचं. तिसऱ्या खेपेला पट्टीवर लाल रंग टिकला. धाकटा रेडिएटर धुतल्यावर त्यातून एवढी घाण निघाली की बागेतलं एक रोप तरी त्यात सहज लागलं असतं. दुपारी उन्हं कलल्यावर मुलानं गाडी काढली, मिस्त्री शेजारी, तळवे पत्र्यावर. पासष्ट. काही नाही. सत्तर. काही नाही. तळव्यांखाली गाडी साय धरलेल्या दुधासारखी शांत.

मिस्त्रींनी तोंड उघडलं, तोच चौकात गाडी मंद होऊन पुन्हा निघाली आणि दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना असा हिसका बसला की दोघांच्या माना हलल्या. पुढच्या चौकात पुन्हा. मुलाचा चेहरा पडला. शेवटी गिअरच गेलेत, असं तो पुटपुटला. ते मिस्त्रींना ऐकू आलं नाही, पण त्याच्या खांद्यांवरून कळलं.

असली गाडी त्यांच्या तरुणपणी नव्हती. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि तळव्यांना विचारलं. मग ते म्हणाले, "ही आजारी नाही रे. बरी झालीय, आणि तिला कुणी ते सांगितलेलं नाही. अजून जुन्याच हातानं ओढतेय. जित्याची खोड."

मुलानं गाडी थांबवली आणि वडिलांकडे पाहतच राहिला. कारण यापुढचं त्याला ठाऊक होतं. या गिअरबॉक्सला एक मेंदू असतो, आणि जळक्या तेलात पकड निसटते म्हणून तो महिनोन्‌महिने जास्त जोर लावायला शिकलेला असतो. आता तेल चांगलं आलं, तरी जोर तोच. बाबांना जे पायांनी कळलं होतं, ते तो लॅपटॉपवर शिकला होता, आणि तेल बदलण्याच्या गडबडीत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. गॅरेजमध्ये येताच त्यानं लॅपटॉप जोडला आणि त्या मेंदूचं सगळं शिकलेलं पुसून टाकलं.

पण नुसतं पुसून भागत नाही, पुन्हा शिकवावं लागतं. हलक्या पायानं एकेक गिअर चढवायचा, सावकाश थांबायचं, पुन्हा निघायचं, असं कितीतरी वेळा. पाय जड असला की गाडीही जडच शिकते. मुलानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग खिशात हात घालून किल्ली काढली.

"बाबा, तुम्ही शिकवा. तुमचा पाय हलका आहे."

हे मिस्त्रींना पहिल्याच वेळी ऐकू आलं.

त्यांनी त्या गाडीला अंधार पडेपर्यंत शिकवलं, लहान मुलाला बोट धरून जिने चढवावेत तसं. गुरुवारी सकाळी मुलगा शेजारी बसला, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग पासष्ट, मग ऐंशी. परत आला तेव्हा पँट कोरडी होती. त्यानं पाणी पिऊन टाकलं आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. ते म्हणाले, "झाली."

शनिवारी उजाडताना माशीवाली छत्तीस पेट्या घेऊन जाता जाता गॅरेजपाशी थांबली. ओठ उतरला होता. जाळी आता गाडीला नव्हती. पेट्या चढवताना पट्ट्यांवर ओलं पोतं टाकायचं आणि निघताना काढायचं, असं मिस्त्रींनीच सुचवलं होतं. त्यांनी पिकअपवर चढून एका पेटीवर पंजा ठेवला. आतली गुणगुण पंज्यात भरून आली, एका सुरात, कुठंही तुटलेली नाही.

दुपारी बागेतून ती रिकामी परतली ती हॉर्न वाजवतच. गॅरेजसमोर वेग कमी करून तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, पळते!"

मिस्त्रींनी ऐकलं, "कळते."

"हो," ते म्हणाले, "आता कळते."

मुलगा पोट धरून हसला, पण त्यानं दुरुस्ती केली नाही. नव्या आलेल्या गाडीची किल्ली घेऊन तो दारामागे गेला आणि ती त्यानं खिळ्यावर टांगली.